क्वार्टर, घरकुल आणि ईएमआय

बऱ्याच शनिवारांनंतर लिहायला बसलोय. मधे दोन रिलीज झाली, एक क्लायंट व्हिजिट झाली आणि एक शनिवार तर नुसता झोपेत गेला. पण खरं कारण ते नाही. दिवाळीला घरी जाऊन आल्यापासून एक विषय डोक्यात घोळतोय आणि त्याची सुरुवात कुठून करावी हेच कळत नव्हतं. आज ठरवलं, जिथून आठवेल तिथून लिहायचं.

तर, 'घरी' म्हणजे कुठे?

पुण्यात कोणी गाव विचारलं की मी 'चंद्रपूर' सांगून मोकळा होतो. समोरचा 'अरे वा, ताडोबा!' म्हणतो, मी मान डोलावतो, विषय संपतो. कोणी फारच खोदून विचारलं तर 'कोरपना' सांगतो. मग हमखास 'काय? कल्पना?' असं येतं. कोरपना हो. बल्लारशाला गाडीतून उतरायचं, राजुरा, गडचांदूर करत पुढे जायचं. त्यापलीकडे थोडं गेलं की तेलंगणा लागतं. हा सगळा राजुऱ्याचा पट्टा आधी निजामाच्या राज्यात होता, १९५९ साली चांदा जिल्ह्याला जोडला गेला. जमीन काळी, पीक कापसाचं, आणि जमिनीच्या पोटात चुनखडी. चुनखडी आहे म्हणून सिमेंट. आवारपूर, गडचांदूर, उपरवाही, नारंडा... एका तालुक्यात इतके सिमेंट कारखाने. तुम्ही ज्या खोलीत बसून हे वाचताय तिच्या भिंतीत आमच्या तालुक्याचा थोडा अंश असेलही.

माझे बाबा त्यातल्याच एका कारखान्यात आहेत. एकतीस वर्षं झाली. माझा जन्म कॉलनीतला, शाळा कॉलनीतली, पहिली सायकल कॉलनीच्या रस्त्यावर शिकलो. भोंग्यावर दिवस चालायचा. झाडांची पानं बारा महिने पांढुरकी. आई अंगणातली तुळस रोज फडक्यानं पुसायची, हे सगळ्यांच्याच घरी करतात असं मला बरीच वर्षं वाटायचं. नळाला पाणी, दिवसभर वीज, दवाखाना, मैदान, सगळं कुंपणाच्या आत. कुंपणाबाहेर आईचं माहेर, तिथे उन्हाळ्यात विहिरीवर रांग. मी दोन्हीकडे वाढलो, त्यामुळे दोन्ही नॉर्मल वाटायचं.

दिवाळीला पोचलो तेव्हा बाबा व्हरांड्यात बसून पंख्याचं रेग्युलेटर खोलत होते. मी म्हटलं, मेंटेनन्सवाल्यांना सांगा ना. तर म्हणाले, "आता दीड वर्षासाठी काय सांगायचं."

दीड वर्ष. मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं, रिटायरमेंट. रिटायर झालं की ठराविक मुदतीत क्वार्टर रिकामं करून चावी द्यायची. यात कोणाचं काही चुकलेलं नाही. नियम पहिल्या दिवसापासून माहीत होता. किर्लोस्करवाडीपासून (ती १९१० सालची) आजपर्यंत कारखान्यांनी वसवलेल्या वसाहती बहुतेक अशाच चालत आल्या. काम आहे तोवर घर आहे. तरी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या एक गोष्ट डोक्यातून जाईना. या माणसानं एकतीस वर्षं सिमेंट बनवलं, आणि त्याच्या नावावर एक भिंत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग तू कशाला आहेस? बरोबर. मी आहे ना. पुण्यात फ्लॅट बघायला सहा महिन्यांपूर्वीच सुरुवात केली होती. टू बीएचके, शहराबाहेर, पार्किंग धरून ६२ लाख. सॅम्पल फ्लॅटमध्ये एसी इतका थंड होता की विचार करायची शक्तीच गोठली. ब्रोशरवर मोठ्या अक्षरात 'अफोर्डेबल' लिहिलेलं. जीएसटीच्या नियमात परवडणाऱ्या घराची मर्यादा ४५ लाख आहे हे मी घरी येऊन वाचलं. ५० लाख कर्ज, २० वर्षं, ८ टक्के, ईएमआय साधारण ४२ हजार. म्हणजे मी अठ्ठेचाळीस वर्षांचा होईन तेव्हा घर माझं होईल. शिवाय इंटिरियरवाल्याचं कोटेशन आलं होतं. नुसत्या फॉल्स सीलिंगचे १ लाख ४० हजार.

हा आकडा लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मावशीकडे गेलो. आईची धाकटी बहीण. काका जाऊन आठ वर्षं झाली. कोरपन्यापासून सहा किलोमीटरवर तिचं गाव. लहानपणी सुट्टीत जायचो तेव्हा तिचं कुडाचं घर होतं, वर कवेलू. पावसाळ्याआधी कवेलू चाळायचं काम मामा करायचा आणि आम्ही खालून मोजायचो किती फुटले. या वेळी पाहिलं तर ते घर नव्हतंच. त्या जागी अर्धवट भिंती, खिडक्यांच्या वरपर्यंत आलेल्या. शेजारी टिनाची शेड, तिच्यात मावशी, तिची मुलगी, दोन शेळ्या आणि एक कपाट.

"घरकुल मंजूर झालं ना बापा," मावशी म्हणाली. "जुनं पाडलं. नवं व्हायचं हाये."

अख्खा पावसाळा ती त्या शेडमध्ये राहिली होती. आणि फोनवर दर रविवारी "बरं हाये" म्हणत होती.

मग तिनं मला भिंतीजवळ नेलं. "तू इंजिनिअर हायेस ना? मंग पाय बरं, हे भिंत बराबर हाये का नाई."

"मावशी, मी कॉम्प्युटरचा इंजिनिअर आहे."

"मंग कॉम्प्युटरवर पाय."

काय बोलणार? मी लॅपटॉप काढला आणि जे मला येतं ते केलं. एक्सेल उघडलं. मावशी तोंडी सांगत होती, मी भरत होतो. तिला एकेक आकडा पाठ होता.

प्रधानमंत्री आवास योजना, ग्रामीण. इंदिरा आवास योजना १९८५ पासून होती, तिच्या जागी २०१६ साली ही आली. घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फूट. रक्कम सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ आणि नक्षलग्रस्त भागात १ लाख ३० हजार. ही रक्कम २०१६ साली ठरली, आणि २०२४ मध्ये योजनेचा पुढचा टप्पा मंजूर झाला तेव्हाही तीच राहिली. महाराष्ट्रानं २०२५ मध्ये स्वतःची ५० हजारांची भर घातली, पण त्यातले १५ हजार छतावरच्या सोलरसाठी. म्हणजे आधी छत पाहिजे.

आता मावशीच्या घराला शंभर-सव्वाशे पोती सिमेंट. ११० पोती धरा, ३५० रुपयांनी ३८,५०० झाले. मूळ अनुदानाचा जवळपास तिसरा हिस्सा नुसत्या सिमेंटला. सिमेंटवर जीएसटी २८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झाला. मावशीनं पाया आणि भिंती त्याआधीच केल्या होत्या. २८ च्या दरानं त्या ११० पोत्यांत आठ हजारांच्या वर नुसता कर होतो. सरकार या खिशातून देतं आणि त्या खिशातून घेतं, हे मी आयटीवाला असून मला माहीत नव्हतं. मावशीला माहीत होतं.

आणि सिमेंट कुठलं? तिच्या शेडपासून कारखान्याची चिमणी दिसते. तिथलं पोतं डीलरकडे जाऊन, भाडं लावून, सगळ्या महाराष्ट्राच्या भावानं तिच्या दारात येतं.

पुढची ओळ पाया. आमची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मुरूम लागेपर्यंत खोल गेलं नाही तर दुसऱ्या वर्षी भिंत फाटते. मावशीचा पाया पाच फूट गेला. मंजुरीच्या रकमेत मात्र मुरमाड जमीन आणि काळी जमीन यांचा हिशोब एकच. मग रेती. घरकुलाला पाच ब्रास रेती मोफत देण्याचं धोरण आहे, चांगलं आहे. पण मोफत रेती पैनगंगेच्या काठावर मोफत असते. तिथून दारापर्यंत आणायला ट्रॅक्टर लागतो, आणि ट्रॅक्टरवाला काही योजनेत नाही.

शेवटची ओळ मिस्त्री. २०२४-२५ साली महाराष्ट्राला एकदम वीस लाखांच्या आसपास घरकुलांचं उद्दिष्ट मिळालं. बातमी म्हणून वाचली तर आनंदाची, आणि आहेच. आता तीच बातमी मावशीच्या गावातून पाहा. एकाच उन्हाळ्यात पंचक्रोशीतल्या सगळ्यांना विटा पाहिजेत, रेती पाहिजे, सेंट्रिंगच्या प्लेटा पाहिजेत, आणि मिस्त्री तेवढेच. भाव वाढणार नाही तर काय होणार? मावशीचा मिस्त्री उचल घेऊन दुसऱ्या गावी जास्त रोजावर गेला तो आलाच नाही. काम थांबलं. काम थांबलं म्हणून फोटो नाही. हप्ते कामाच्या टप्प्याप्रमाणे येतात, घरकुलाच्या इंजिनिअरनं जागेवर येऊन फोटो काढून ॲपवर चढवला की पुढचे पैसे खात्यात. फोटो नाही म्हणून हप्ता नाही, हप्ता नाही म्हणून काम नाही. आमच्याकडे याला डेडलॉक म्हणतात. दोन प्रोसेस एकमेकींची वाट बघत बसतात आणि सिस्टीम हँग होते. फरक एवढाच की इथे हँग झालेल्या सिस्टीममध्ये माझी मावशी चार महिने राहत होती.

एक्सेलच्या तळाशी बेरीज आली. सोलरचे सोडून, सगळे हप्ते मिळाले तरी स्लॅब, दार-खिडक्या मिळून साठ हजार कमी पडत होते. म्हणजे माझ्या फॉल्स सीलिंगच्या निम्मे सुद्धा नाहीत. तिला खरं सीलिंग नव्हतं, आणि मी खोट्या सीलिंगसाठी रंग निवडत होतो.

शेजारच्या ओळीत एक बाई उभी होती, आमचं बोलणं ऐकत. मावशीनं सांगितलं, तिचं नाव यादीत आहे पण घरकुल नाही. का? जागा तिच्या नावावर नाही, गायरानावरचं घर. १ जानेवारी २०११ च्या आधीची राहती अतिक्रमणं नियमित करायचा सरकारचा निर्णय आहे, पण त्यासाठी कागद पाहिजेत, मोजणी पाहिजे. जागा विकत घ्यायला अर्थसहाय्याची योजना आहे, आधी ५० हजार होते, मग १ लाख झाले. पण गावात विकायला जागा तर पाहिजे. पलीकडच्या डोंगरात कोलामगुड्यांवर वेगळंच गणित. कोलाम हा आदिम जमातींत मोडणारा समाज, त्यांच्यासाठी २०२३ मध्ये पीएम-जनमन आलं, घराला २ लाख. रक्कम जास्त, पण वीट वर चढवायला रस्ता पाहिजे. आणि खुद्द कोरपना नगरपंचायत झालं, म्हणून हद्दीच्या आतल्या माणसाला शहरी योजनेतून अडीच लाख. हद्द ओलांडली की निम्मे. तीच काळी माती, तेच सिमेंट, तोच मिस्त्री. आम्ही टेस्टिंगमध्ये याला बाउंडरी कंडिशन म्हणतो आणि सगळ्यात जास्त बग तिथेच सापडतात.

असो. परत पुण्याला आलो.

सोमवारी जेवताना हे सगळं टीममध्ये बोललो. आमच्यात एक सोलापूरकर आहे. अबोल प्राणी. तो डबा बंद करता करता म्हणाला, "माझी आजी विड्या वळायची. आम्ही कुंभारीला गोदूताईत राहतो." मला वाटलं गोदूताई म्हणजे कोणीतरी आत्या असेल. नाही. गोदूताई परुळेकरांच्या नावाची वसाहत आहे. विडी कामगार बायकांची सहकारी गृहरचना संस्था, दहा हजार घरं. २००६ साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग चाव्या द्यायला आले होते. नरसय्या आडम, म्हणजे आडम मास्तर, आणि त्यांची युनियन यामागे होती. मास्तर आमदार होते, कम्युनिस्ट होते, तुमचं त्या पक्षाशी पटो न पटो, दहा हजार घरं ही दहा हजार घरं. त्यानंतर तिथेच रे नगर उभं राहिलं, असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची योजना. २०१९ च्या जानेवारीत पंतप्रधान मोदींनी पायाभरणी केली आणि १९ जानेवारी २०२४ ला त्यातली पंधरा हजार घरं त्यांच्याच हस्ते दिली. दोन विरुद्ध टोकांची सरकारं, आणि मधे तेच कामगार आणि तीच संस्था.

मी विचारलं, तुझ्या आजीला घर कोणी दिलं? सरकारनं की युनियननं?

तो म्हणाला, "दिलं कोणी नाही. आजीनं वाटा भरला. केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा, आजीचा वाटा. दर महिन्याला मीटिंग असायची, मोर्चे असायचे. आई म्हणते, आजी विड्या वळून जेवढी थकली नाही तेवढी मीटिंगांना जाऊन थकली."

सगळं गोड नाही हेही त्यानंच सांगितलं. घरं शहराबाहेर. काम शहरात. पाणी, बस, शाळा, दवाखाना या गोष्टी घरांच्या मागून भांडून मिळवाव्या लागल्या. इतकी घरं एकदम बांधणं ही एक गोष्ट, आणि तिथे रोज सकाळी नळाला पाणी येणं ही वेगळी गोष्ट. पण एक फरक मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. सोलापुरात त्या बाई आणि सरकार यांच्यामध्ये कोणीतरी होतं. जमीन मिळवणारं, कर्जासाठी बँकेच्या दारात हजारोंच्या वतीनं उभं राहणारं, कंत्राटदाराशी बोलणारं. मावशी आणि सरकार यांच्यामध्ये कोणी नाही. पैसे थेट खात्यात, हे चांगलंच, मधले खाणारे गेले. पण मधले करणारेही कोणी नाहीत. जमीनमालक मावशी, बिल्डर मावशी, खरेदी अधिकारी मावशी, साईट सुपरवायझर मावशी, आणि राहणारीही मावशी. सहावीपर्यंत शिकलेली, एकटी. आमच्या प्रोजेक्टला एवढ्या कामांसाठी नऊ जण असतात आणि तरी डेडलाईन चुकते.

गंमत बघा, आपण पुण्यात 'सोसायटी' शब्द दिवसातून दहा वेळा वापरतो. सोसायटी म्हणजे पार्किंगची भांडणं आणि व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंग. आधी बिल्डर बांधतो, मग आपण विकत घेतो, मग देखभालीपुरती सोसायटी. मूळ क्रम उलटा होता. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वतांची गृहनिर्माण संस्था झाली, तेव्हा माणसं आधी एकत्र आली, संस्था केली, आणि मग घरं. गोरेगावला मृणाल गोरे यांच्या नागरी निवारा परिषदेनं सहा हजारांवर घरं उभी केली तीही याच क्रमानं. दक्षिण अमेरिकेत उरुग्वे नावाचा चिमुकला देश आहे, तिथे १९७० सालापासून अशा सहकारी संस्थांचा महासंघ आहे, आणि त्यांचा नियम म्हणजे प्रत्येक कुटुंबानं आठवड्याला एकवीस तास बांधकामावर हात लावायचा. वाचून मला हसू आलं. याला तर आमच्याकडे इर्जिक म्हणतात. शेतात एकाचं काम सगळ्यांनी मिळून उरकायचं, मग दुसऱ्याचं. घराला लावायचं मात्र विसरलो.

त्या रात्री मावशीला फोन केला. म्हटलं, साठ हजार पाठवतो, परत द्यायची घाई नाही, स्लॅब टाकून घे.

पलीकडे शांतता. मला वाटलं रेंज गेली.

"मले एकटीले नोको देऊ," मावशी म्हणाली.

मला राग आला, खरं सांगतो. मदत करायला जावं आणि हे ऐकावं. पण तिचं म्हणणं वेगळंच होतं. त्या ओळीत सात घरकुलं अडकलेली होती, सातही सारख्याच उंचीवर. एकटीचं घर झालं तर मिस्त्री सात घरांसाठी येणार नाही, एका घरासाठी येईल आणि एका घराचा भाव लावेल. शिवाय बाकीच्या सहा जणी रोज तिच्या स्लॅबकडे बघणार. "त्या स्लॅबखाली मले झोप येईल का?" सात जणींपैकी पाच एकाच बचतगटात होत्या. "गटाले दे. गट आमाले देईल. आन् व्याज लाव."

"व्याज कशाला मावशी?"

"बिनव्याजी पैसा कोनी वापस करत नाई बापा."

आठ दिवस मी यावर विचार करत होतो. मावशीला साठ हजार देणं सोपं होतं, बुडाले तर मावशीच. सात जणींना म्हणजे बुकिंगसाठी ठेवलेले दीड लाख. त्यातल्या सहा जणींना मी ओळखत नव्हतो. आईनं सांगून पाहिलं, "पुण्याचं घर राहून जाईल हो." बाबा काहीच बोलले नाहीत. बिल्डरच्या ऑफिसातून मुलगी रोज फोन करायची, सर, प्राईस रिव्हाईज होतेय, ऑफर रविवारपर्यंतच. रविवारी मी फोन सायलेंटवर टाकला आणि सोमवारी पैसे गटाच्या खात्यात पाठवले. हे मी फार धीटपणे केलं असं समजू नका. पाठवल्यावर दोन रात्री झोप नव्हती. बाकीच्या बायकांनी गटाच्या बचतीतून थोडी भर घातली. व्याज ठरलं बँकेएवढं.

मग ज्या गोष्टी एकटीला जमत नव्हत्या त्या जमू लागल्या. सातही घरं मिळून एक मिस्त्री ठरला, एका भावानं, उचल न देता. सेंट्रिंगच्या प्लेटा एकदाच आणल्या, एका घरावरून दुसऱ्या घरावर. रेतीचे ट्रॅक्टर एकत्र, सिमेंट एकत्र. सात घरांचं सिमेंट एकदम म्हटल्यावर डीलरनं पोत्यामागे थोडे पैसे कमी केले आणि उतरवणी स्वतःकडे घेतली. नंतर मला कळलं की ही कल्पना सरकारदरबारीही आहे. २०२० च्या महाआवास अभियानात 'घरकुल मार्ट' म्हणून बचतगटांनी चालवायची बांधकाम साहित्याची दुकानं आली. गवंडी प्रशिक्षणही योजनेत आहे. कागदावर बरंच काही आहे. कागद आणि काळी माती यांच्यामध्ये उभं राहणारं कोणी असेल तर ते खाली उतरतं.

भानगडी झाल्याच. एकीच्या नवऱ्यानं हप्त्याचे पैसे जमा झाल्या झाल्या काढून उडवले. गटाची मीटिंग झाली, भांडण झालं, तिचं घर शेवटी घ्यायचं ठरलं. कोणाचं घर आधी यावरून तर आठवडाभर अबोला. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. मावशीची चिठ्ठी सहावी आली. मी फोनवर चरफडलो. पैसे माझे आणि मावशी सहावी! मावशी म्हणाली, चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी.

संक्रांतीला गेलो तेव्हा तिसऱ्या घराचा स्लॅब पडत होता. सकाळी सहाला सुरुवात. बायका घमेली हातोहात वर देत होत्या. आणि मिक्सरजवळ, डोक्याला रुमाल बांधून, माझे बाबा. सुट्टी टाकून आले होते. प्रत्येक पोत्यावर छापलेला आठवडा आणि वर्ष वाचत होते. जुनं पोतं निघालं की बाजूला. मिस्त्रीशी पाण्यावरून वाद घालत होते, "पातळ करू नको, सोपं पडतं पण ताकद जाते." मिस्त्रीनं विचारलं, तुम्ही ठेकेदार का जी? बाबा म्हणाले, नाही, मी सिमेंटवाला. एकतीस वर्षांत हा माणूस सिमेंटच्या एवढ्या जवळ होता आणि त्याचं घर होताना त्यानं पहिल्यांदाच पाहिलं असावं. संध्याकाळी त्यांनी स्लॅबवर गोणपाट टाकून घेतले आणि सात जणींना बसवून सांगितलं, चौदा दिवस पाणी, चुकवायचं नाही. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मी सांगितलं असतं तर कॉम्प्युटरवर पाय म्हणाल्या असत्या.

परत येताना बसस्टँडवर बाबा म्हणाले, "गडचांदूरला कामगारांनी मिळून जागा घ्यायचं चाललंय. आमच्या बॅचचे अकरा जण आहेत. संस्था करू म्हणतात. मी नाव देऊ का?"

त्यांनी मला विचारलं. परवानगी मागितल्यासारखं. मला काय बोलावं सुचेना, मी "द्या ना" म्हणालो आणि बस आली.

आज फोन आला होता. पाच स्लॅब झाले. मावशीचा पुढच्या आठवड्यात आहे, पण चौथ्या घराचा फोटो अजून ॲपवर चढलेला नाही, त्यामुळे त्या घराचा हप्ता अडकलाय आणि गटाची रोकड आटली आहे. दारं सध्या कोणाच्याच घराला नाहीत. व्याजाचा पहिला हप्ता मात्र तारखेला आला, ९७५ रुपये. दीड लाखावर सव्वाआठ टक्के धरले तर १,०३१ व्हायला हवे होते, मी हिशोब करून विचारलं. मावशी म्हणाली, पोरगा म्हणून थोडं कमी धरलं.

पुण्याचा फ्लॅट सध्या नाही. वाकडच्या भाड्याच्या खोलीतच आहे, पंखा आवाज करतो, घरमालक ऐकत नाही. स्लॅबला सुट्टी मिळाली तर शुक्रवारी निघेन. मॅनेजरला काय कारण सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.